ऊठ गं बाई

लॅबमध्ये रोज सकाळी आधी एक जुना नमुना यंत्रात लावावा लागे. त्यात विषाणू आहे हे पक्कं ठाऊक असे. यंत्राने तो पकडला, तरच दिवसभराच्या निकालांवर भरवसा ठेवायचा. ती नळी फ्रीजरमधून काढायचं काम ताईंचं. हातमोजे चढवून त्या नळीला हळूच म्हणायच्या, "ऊठ गं बाई, उजाडलं." नव्याने बदलून आलेले डॉक्टर गालातल्या गालात हसायचे. बाकीचे उगाच कामात डोकं घालायचे.

एक दिवस सकाळच्या या तपासणीसाठी बाहेरून तयार नमुन्यांचं खोकं आलं.

"ताई, आता ती जुनी नळी टाकून द्या. तळाशी थेंबभर तर उरलंय."

"आजच्या दिवस राहू द्या ना, सर."

"अहो, एवढ्याशा नळीत एवढा काय जीव अडकलाय तुमचा?"

ताईंनी नळी पुन्हा बर्फात नीट उभी केली.

"तेव्हा आपल्याकडे हे यंत्र नव्हतं, सर. लेकीचा नमुना परगावी पाठवावा लागला. निकाल यायच्या आत ती गेली. परत आलं ते एवढंच."