लाल मग

उपासना संपली की हॅलिफॅक्सच्या त्या अँग्लिकन चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफी असे. नव्या माणसाला लाल मग मिळे; तो बघून लोक आपणहून बोलायला येत. इंदुमती आणि प्रेमानंद नगरहून आले तेव्हा त्यांच्याभोवती घोळका जमला. वर्षभराने स्वागताचं बघणाऱ्या डोरीनने दोघांना नावं लिहिलेले पांढरे मग दिले. "आता तुम्ही आमचेच," ती म्हणाली, आणि त्यानंतर त्यांची चौकशी कुणी केली नाही. नवराबायको कोपऱ्यात मराठीत बोलत बसत. प्रेमानंदला मूठमाती देऊन महिना झाला. आज इंदुमतीने खुंटीवरच्या आपल्या पांढऱ्या मगाकडे हात नेला, मागे घेतला आणि लाल मग उचलला. डोरीन लगबगीने आली. "वेलकम. पहिल्यांदाच येताय?" इंदुमतीने तिच्याकडे नीट पाहिलं. डोरीन थट्टा करत नव्हती. "हो." "एकट्याच आलात?" हा शब्द इंदुमतीने अजून उच्चारला नव्हता. "एकटीच."