पाय लागला की

"पुन्हा सोडलं," म्हणत व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडायला आलेल्या बाईंनी वहीत तिसरी फुली मारली.

कॉलेजच्या कबड्डी संघात तानुगडे डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेला गडी त्याच्या मिठीत सापडला की हलू शकत नसे. पण झटापटीत तानुगडेचा पाय त्याला लागायचा. मग हा मिठी सोडून वाकायचा आणि गड्याच्या पायाला हात लावून नमस्कार करायचा. तेवढ्यात गडी मधली रेषा गाठायचा.

"आईनं लावलेली सवय आहे," प्रशिक्षक ओशाळून म्हणाले. "दोन वर्षं समजावतोय."

तानुगडे खाली मान घालून उभा होता. बाईंनी वही मिटली, मग जरा विचार करून पुन्हा उघडली.

"आणखी एक चढाई होऊ दे. तानुगडे, नमस्कार जरूर कर, दोन्ही हातांनी कर. फक्त मी शिट्टी वाजवेपर्यंत पाय सोडू नकोस."

क्षणभरात गडी मॅटवर पालथा पडला होता. "पोचला रे नमस्कार, सोड आता."

बाई शिट्टी बाजूला ठेवून, सुवाच्य अक्षरात तानुगडेचं पूर्ण नाव लिहीत होत्या.