मृगाचा तिसरा रोज

रोशनीनं एंटर दाबलं. पडद्यावरच्या तक्त्यात एकतीसच्या एकतीस ओळींत चूक दाखवणारी तीच ती खूण उमटली.

तळेगावच्या भाजी उत्पादक गटाच्या खोलीत तिचा आज आठवा दिवस होता. आठ दिवस पाहू, मग ठेवायचं का नाही ते सांगू, असं बोलणं झालं होतं. चार वाजेपर्यंत सावंगीच्या एका मेसला यादी पाठवायची होती: कुणाच्या वावरातली भेंडी, गवार, चवळी कोणत्या तारखेला निघेल. यादी गेली तर गटाला ऑर्डर, आणि तिला नोकरी.

तिनं एकतीस जणांना फोन करून पेरणीची तारीख विचारली होती. आता तारीख सांगेल तो शेतकरी कसला! सगळ्यांनी नक्षत्र आणि ते लागल्यापासूनचा रोज, म्हणजे दिवस, सांगितला. मृगाचा तिसरा रोज. आर्द्राचा पाचवा. रोशनीही शेतकऱ्याचीच पोर, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तारखेच्या रकान्यात तिनं सरळ 'मृग ३' टाइप केलं.

तक्त्यातल्या फंक्शनचे, म्हणजे तयार सूत्रांचे, गट तिला तोंडपाठ होते. गणिती, तारखेचे, मजकुराचे, तर्काचे, शोधाचे. संगणकाच्या क्लासच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. आता तारखेच्या गटातलं एकेक फंक्शन लावून झालं, तरी संगणक ढिम्म.

"त्याले तो मजकूर वाटून राह्यला," गटाचा सचिव कैलास मागून म्हणाला. "आपलं नक्षत्र त्याले काय समजते? काकाजी, वर्ध्यावरून कोणी शिकलेला आणू."

काकाजी म्हणजे गटाचे अध्यक्ष बंडूजी. ते दारापाशी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते.

"मले तरी कुठं समजते? मृग कवा लागला ते मी भी पंचांगात पाह्यतो. त्याले भी दे एक पंचांग."

कैलास हसला. रोशनी हसली नाही. तिनं भिंतीवरचं पंचांग काढून मांडीवर घेतलं आणि संगणकात कोऱ्या पानावर दोन रकाने पाडले: नक्षत्र, आणि ते लागल्याची तारीख. मजकुराच्या गटातल्या फंक्शननं 'मृग' आणि '३' वेगळे केले. शोधाच्या गटातल्यानं मृगासमोरची तारीख उचलून आणली. मग उरली नुसती बेरीज: त्या तारखेत नक्षत्राचे रोज आणि पीक निघायला लागणारे दिवस मिळवायचे. दोन महिने घोकलेली फंक्शनची यादी तिला आज कळली.

एंटर. मृगाच्या तिसऱ्या रोजी पेरलेल्या बंडूजींच्या भेंडीसमोर पंचवीस जुलै आली.

बंडूजींनी चष्मा लावून पाहिलं, मग बोटांवर मोजलं. "बराबर हाय."

चारला पाच मिनिटं असताना यादी गेली. रोशनी पंचांग पुन्हा खिळ्याला अडकवायला उठली, तर बंडूजींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"तीनच नक्षत्रं काऊन?"

"यादीत तेवढीच होती, काकाजी."

"सत्ताईसच्या सत्ताईस टाक. हस्तावर मेथी पेरतो आपण," बंडूजी म्हणाले. "वरीसभर तुलेच बसाचं हाय इथं."