मोरीची भिंत

"उतरा खाली, सगळी उतरा," असं ओरडत मंदा एकेक दार बडवत सुटली, तेव्हा शुक्रवारची दुपार होती आणि बिल्डिंगमधली निम्मी माणसं जेवून नुकती आडवी झाली होती.

घरात भिंत थरथरली की भिवंडीतला माणूस आधी शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमला शिव्या घालतो. मंदानेही चार दिवस तेच केलं होतं. रोज दुपारी तिच्या मोरीची भिंत गुरगुरायची आणि ती खिडकीतून कारखान्याच्या पत्र्याकडे बघून कारखानेवाल्याचा उद्धार करायची. आज मात्र कारखान्याला सुट्टी. सगळ्या लूम बंद, आणि भिंत तरी गुरगुरतेय. तिने नवऱ्याला हलवून उठवलं. दामूने तीस वर्षं लूमवर काढलेली. कान अर्धे गेले होते, पण तळहात शाबूत होता. त्याने तो भिंतीला लावला.

"लूम न्हाय ही," तो म्हणाला. "लूम ठेका धरते. ही नुसती थरथरतेय."

लूम नाही तर काय, हे दर पावसाळ्यात बिल्डिंगी कोसळणाऱ्या या गावात कुणाला सांगावं लागत नाही. मंदाने सातव्या महिन्यातल्या सुनेचा, धम्मदिनाचा, हात धरला आणि जिना गाठला.

आता चौदा घरांची माणसं गल्लीत उभी होती, कुणी लुंगीवर, कुणी गाऊनवर, कुणाच्या हाताला अजून भात लागलेला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बिल्डिंग जागची हलेना.

"मौसी, दरार किधर है?" तिसऱ्या मजल्यावरच्या लूमवाल्याने विचारलं. मंदाकडे दाखवायला तडा नव्हता. कुणीतरी फिस्सकन हसलं. बिल्डिंग पडली तर घर जाणार, आणि नाही पडली तर तोंड लपवायला जागा राहणार नाही. तरी पडू नये गं बाई, तोंडाचं काय ते बघू, असं ती मनात म्हणत राहिली.

पहिल्या मजल्यावरचा अनंता प्लंबर मुकाट्याने जिन्याकडे निघाला. मंदाने अडवलं, तो ऐकेना. मग तीही त्याच्या मागे गेली. पोरगं आपल्या घरात एकटं कसं जाऊ द्यायचं?

अनंताने मोरीत उभं राहून कान दिला, मग वर माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. स्टुलावर चढून त्याने झाकण काढलं.

"मावशी, ये. बघ तुझा भूकंप."

नळाचं पाणी जोरात टाकीत पडत होतं आणि टाकी भरली की पाणी बंद करणारा कॉकचा बॉल त्या लाटांवर वर-खाली नाचत होता. त्याच्या नाचाने कॉक उघडत-मिटत होता, आणि मोकळा पाईप भिंतीवर आपटत होता. अनंताने बॉल दोन बोटांत धरला. भिंत गप्प. सोडला, भिंत गुरगुरली.

"पुन्हा धर," मंदा म्हणाली. तिने ते तीनदा करून घेतलं.

"पाईपचा क्लॅम्प कुठं गेला?" अनंताने मोठ्याने विचारलं.

मागोमाग वर आलेला दामू दारातच थबकला. "गेल्या आठवड्यात रंग देताना काढला," तो म्हणाला. "चांगला दिसत न्हवता."

"तीस वर्षं शेठच्या लूमचा नट न् नट आवळलास," मंदा म्हणाली, "आणि आपल्या घरातला तेवढा काढलास होय?"

अनंताने पाईपला दोन क्लॅम्प ठोकले, कॉकचा झिजलेला वायसर बदलला आणि नळाची चावी थोडी आवळून पाण्याचा जोर कमी केला. टाकी भरत राहिली. मंदाने भिंतीला गाल लावला. काही नाही. थंडगार, मुकी भिंत. ती ओल्या मोरीत बसकण मारून हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली.

खाली जाऊन सांगणं मात्र जड गेलं. "टाकी होती," ती पुटपुटली. कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. मग काय विचारता.

"टंकी के लिए पूरी बिल्डिंग उतार दी मौसी ने," लूमवाला म्हणाला. एकेक जण तिला चिमटा काढत वर गेला. ती जिन्याशी खाली मान घालून उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी दुसऱ्या मजल्यावरची आक्का आली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले.

"आक्का, तुला उगाच उतरवलं गं," मंदा म्हणाली.

आक्का दम खात थांबली. "पुन्हा भिंत हालली तर पुन्हा हाक मार," ती म्हणाली. "आमची जुनी बिल्डिंग पडली तवा कुनी मारली न्हवती."

आणि मंदाच्या खांद्याचा आधार घेऊन ती पहिली पायरी चढली.