सोमवारचं मौन

डिप्रेशन आल्यापासून अविराज आठ महिने कुणाशी बोलला नव्हता. जळोचीतल्या घरात त्याची खोली दिवसाही बंदच. अशा आजारी माणसांच्या घरच्यांची मोबाइलवर बैठक भरते, तिथल्या ताई मला म्हणाल्या, "साखरबाई, त्याला टोकू नका. आपणहून बोलेल तेव्हा नुसतं ऐका."

लेकानं बोलावं म्हणून मी महादेवासाठी सोमवारचं मौन धरलं, दिवे लागेपर्यंत.

तिसऱ्या सोमवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आई, लई जड झालंय गं. बोलू का जरा?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि देव्हाऱ्याकडं हात केला. दिवा लागला की बोलू, एवढंच सांगायचं होतं.

"बरं," म्हणून तो आत गेला.


माझं मौन दिवेलागणीला सुटलं. त्याचं अजून सुटलेलं नाही.