पुढचं आसन

म्हैसूरच्या आमच्या योगशाळेत नियम एकच: गुरूंनी दिल्याशिवाय पुढचं आसन करायचं नाही. नऊ वर्षं मी एकाच आसनावर अडकलोय. रोज पहाटे मी पाय मानेमागे नेतो, शास्त्रीगुरुजी दोन पावलं लांबून बघतात आणि म्हणतात, "उद्या."

परवा कॉफी पिताना मी धीर केला. "गुरुजी, माझं नेमकं चुकतंय तरी काय?"

"काही नाही रे चेन्नकेशवा. पहिल्याच वर्षी जमलं होतं तुला."

"मग पुढचं देत का नाही?"

त्यांनी कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली. "मला तरी कुठं मिळालंय? माझ्या गुरूंनीही मला इथंच थांबवलं होतं. 'उद्या' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वारले. जे मला मिळालंच नाही, ते तुला देऊ कुठून?"

"मग रोज 'उद्या' कशाला म्हणता?"

"वाटतं, एखाद्या दिवशी तरी तू माझं ऐकणार नाहीस."

आज पहाटे मी मानेमागचा पाय खाली घेतला. गुरुजी नेहमीच्याच जागी उभे होते.

"उद्या," ते म्हणाले.

आता गुरूंचं ऐकायचं म्हणजे मी नक्की काय करायचं?