जयवंतेची विहीर

"विहीर बुजवा. तेवढ्या जागेत चार गाळे निघतात," देवराव म्हणाले आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

नकाशा हेमचंद्रांनी काढला होता. ते नागपूरचे आर्किटेक्ट. अकोल्यात स्टेशनच्या रस्त्याला देवरावांचा भाजीचा मळा होता. तो मोडून तिथे चाळीस गाळ्यांचं मार्केट उभं राहणार होतं. मळा कसणाऱ्या माळ्यांना त्यातले सहा गाळे द्यायचं ठरलं होतं.

"विहीर मधल्या चौकात राहू द्या," हेमचंद्र म्हणाले. "वर छत्री बांधू, बाजूला मजकूर कोरलेला दगड लावू. इथं आधी काय होतं ते येणाऱ्याला कळेल."

"इहिरीले कायचा इतिहास?" देवराव हसले. "असंल तर आणा. मग ठेवू."

म्हणून ते काम गोपाळकृष्ण मास्तरांकडे आलं. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवत. अमरावतीहून त्यांना इथे येऊन तीन वर्षं झाली होती. मोठमोठ्या राजांच्या सनावळ्या त्यांनी आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतल्या होत्या, पण दगडावर कोरायचा मजकूर त्यांच्याकडे कधी कोणी मागितला नव्हता.

त्यांनी जुनी गॅझेटियरं चाळली. मळ्याचा उल्लेख सापडला नाही. मग एका सकाळी ते मळ्यातच गेले.

गंगूबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मळा कसणाऱ्यांतलीच पन्नाशीची बाई. मास्तरांनी विहिरीबद्दल विचारलं तेव्हा तिचे हात थांबले.

"बुजवून राहिले का?"

"काही इतिहास मिळाला तर नाही बुजवणार."

तिने विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक पोरगी उतरली होती तिच्यात. पाण्यासाठी."

"कधी?"

"दुष्काळ होता जी. इहीर आटली होती. वाफे करपून गेले, बैलाच्या तोंडाले फेस. खाली गाळ भरला होता. गाळ काढला तर झरा लागंल म्हणत. ते अंगानं हलकी होती, म्हणून तिलेच दोरानं सोडलं."

मास्तरांनी वही उघडली. "मग?"

"बारा टोपले गाळ वर आला. तेराव्याले झरा फुटला. खालून वरडली, पाणी लागलं म्हणून. तेवढ्यात काठ ढासळला." गंगूबाईने जुडी खाली ठेवली. "वर आलीच नाही. तवापासून इहीर आटली नाही. सारा मळा त्याच पाण्यावर जगला."

"हा संवत छप्पनचा, म्हणजे १८९९चा दुष्काळ का?"

"दुष्काळच होता, मास्तर."

"नाव काय तिचं?"

"जयवंता."

मास्तरांनी शेजारच्या वाफ्यातल्या नत्थुजीला विचारलं. त्याने खुरपं थांबवलं नाही. "गंगूबाईनं सांगतलं न? मंग तेच खरं," एवढंच तो बोलला. बाकीच्या माळ्यांनीही मान खाली घालून तेच सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशीच एकमुखी असते, असं मास्तरांनी वहीत टिपून ठेवलं.

देवरावांपुढे मजकूर वाचताना मात्र त्यांना धाकधूक होती. हातात कागदाचा पुरावा नव्हता. देवराव वाद घालणार, हे ते धरूनच आले होते.

देवरावांनी सगळं ऐकलं. समोरचा चहा निवून गेला.

"हे गंगूबाईनं सांगितलं?"

"हो."

"अजून काय बोलली?"

"एवढंच."

देवराव उठून खिडकीशी गेले. "ठेवा विहीर," ते म्हणाले. "दगड मी देतो."

जिना उतरताना हेमचंद्रांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "बघा, मास्तर. इतिहास ऐकला की माणूस विरघळतो."

मास्तरांचं मन भरून आलं. त्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा लिहिला आणि पक्का झाल्यावर गंगूबाईला वाचून दाखवला. "वीरकन्या साध्वी जयवंता..."

"साध्वी नका लिवू," ती मध्येच म्हणाली. "वीर नको, काही नको. नुसतं नाव लिवा. मोठ्या अक्षरात."

"आणि साल? दगडावर साल लागतंच."

"तुमी शिकेल मानसं. तुमीच पाहा."

मास्तरांनी १८९९ लिहिलं.

एकोणीसशे एकसष्टच्या दसऱ्याला मार्केट उघडलं. गाळ्यांना झेंडूची तोरणं होती. देवराव आले नाहीत. ताप आहे असा निरोप आला. हेमचंद्रांनी दगडावरचं कापड ओढलं तेव्हा टाळ्या झाल्या.

गर्दी गाळ्यांकडे पांगली. गंगूबाई पुढे आली. तिने हात जोडले नाहीत. दगडातल्या अक्षरांवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा, आणि विहिरीच्या काठाला टेकून खाली बसली. मास्तर दूर उभे राहून पाहत होते. आपलं शिक्षण आज सार्थकी लागलं, असं त्यांना वाटलं.

हिवरखेडच्या मोटारीने आलेली एक बाई गर्दीतून वाट काढत आली. ही गंगूबाईची धाकटी बहीण, मैनाबाई. तिने गंगूबाईच्या खांद्यावर हात ठेवला, दगडाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मले वाचता येत नाही, भाऊ. काय लिवलं थे सांगता का?"

मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलं. "जयवंता. इसवी सन अठराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळात या विहिरीला पाणी यावं म्हणून हिने प्राण दिले."

मैनाबाईने पदर तोंडाला लावला.

"साल चुकलं, मास्तर," ती हळूच म्हणाली. "बावनचं होतं थे, नऊ वर्साआधीचं. मालकानं कोनाले सांगू देल्लं नाही, उकरूबी देल्लं नाही. चवदा वर्साची होती गंगूची पोर. अजून खालीच हाये."